घरत मॅडम आणि चिंचेनं घासलेला हंडा

घरत मॅडमच्या हाताखाली सहा वर्षं काढलेल्या माणसाला सरकारनं निदान एसटीच्या प्रवासात तरी सवलत द्यायला हवी. मी काढली. पनवेलच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पगार, नाही घेतला तर नमस्कार. मॅडमच्या माशांचं काम कुठल्याच तासात बसत नव्हतं, त्यामुळे ते सगळं मी नमस्कारावर केलं.

डॉ. मंदा घरत ठेंगण्या होत्या. सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, खांद्यावर रेशनला न्यावी तसली कापडी पिशवी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "खाडीच्या चिखलात चप्पल खाली राहते आणि पाय वर येतो." मी ते मनावर घेतलं नाही. माझी डाव्या पायाची कोल्हापुरी उलव्याच्या बाजूला अजून चिखलात आहे. आता तिच्यावर बहुतेक सात मजले चढले असतील.

मॅडमचं काम सांगायला सोपं होतं. घाण पाण्यात माशांच्या अंड्यांचं काय होतं, ते बघायचं. मोठा मासा मेला की गावभर बोभाटा होतो, फोटो निघतात. अंडं मेलं तर कुणाला कळतही नाही, आणि मासे कमी का झाले म्हणून दहा वर्षांनी लोक डोकं खाजवतात. मॅडमना त्या न कळणाऱ्या मरणाची मोजदाद करायची होती. त्यासाठी आमच्याकडे झेब्रा मासे होते, शोभेच्या टाकीत असतात ते, गोड्या पाण्यातले, निळ्या पट्ट्यांचे, बोटाच्या पेराएवढे. ते उजाडल्या उजाडल्या अंडी घालतात. आणि घातल्या घातल्या स्वतःच खातात. म्हणून टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या अंथरायच्या. अंडी गोट्यांच्या फटीत पडतात आणि आईबापांच्या तोंडाला लागत नाहीत. त्या गोट्या माझ्या लहानपणीच्या होत्या. विज्ञानाला माझं खात्रीलायक योगदान तेवढंच.

अंडं म्हणजे काचेचा बारीक मणी. सूक्ष्मदर्शकाखाली आतलं सगळं दिसतं. दुसऱ्या दिवशी काळीज धडधडायला लागतं, शेपटी झटके देते, तिसऱ्या दिवशी पिल्लू कवच फोडून बाहेर. पाणी वाईट असेल तर मणी पांढरा पडतो, साबुदाण्यासारखा. किंवा पिल्लू बाहेर येतं, पण कणा वाकडा, काळजाभोवती पाण्याची पिशवी सुजलेली, पोहायला गेलं की जागच्या जागी गोल फिरतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या दिवशी मला डबा गेला नाही. मॅडमनी विचारलं, "किती वाकडी?"

मी म्हटलं, "बरीच."

"मोजलंस की बघितलंस?"

हा प्रश्न मी सहा वर्षांत इतक्यांदा ऐकला की लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हाही तोच कानात वाजला. मॅडम प्रत्येक डिश दोनदा मोजायच्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. वीस अंडी डावीकडून वीस भरली तर उजवीकडून एकोणीस होतील का? नाही होणार. तरी मोजायची. मी एकदा वैतागून तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मग लवकर होईल. मोज."

त्यांच्या पिशवीत कायम चार-पाच रिकाम्या बाटल्या असायच्या, मुरांब्याच्या, रुंद तोंडाच्या. पाणी दिसलं की भरायची आणि बाटलीवर वेळ लिहायची. पनवेलजवळच्या कोनला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मॅडम जेवणाच्या पंगतीतून गायब झाल्या. शोधत गेलो तर हॉलच्या मागे, शोभेसाठी केलेल्या कमळाच्या तळ्याशी उकिडव्या बसून बाटली भरत होत्या. मुलीचे वडील हात जोडून शेजारी उभे. त्यांना वाटलं, हा काहीतरी विधी आहे आणि तो आपल्याकडून राहिला. "आणखी काही लागेल का मॅडम, हळदकुंकू वगैरे?" मॅडम वर न बघता म्हणाल्या, "वेळ सांगा." मुहूर्त विचारतायत असं समजून ते थेट भटजींना बोलवायला धावले.

मॅडमचं माहेर खाडीकाठचं. वडील मिठागरावर. धाकटा भाऊ नामदेव, त्याची छोटी होडी होती, कोलंबी आणि चिंबोऱ्यांवर घर चालायचं. चालायचं म्हणजे पूर्वी. गावाच्या वरच्या अंगाला एक नाला आहे. त्यात मागं कुणीतरी एक पाईप आणून सोडला, आणि नाल्याचं पाणी वारानुसार रंग बदलायला लागलं. पावसाच्या सुरुवातीला मासे खाडीतून याच नाल्यानं वर चढतात आणि अंडी घालतात. गावाचं म्हणणं एवढंच होतं की मृगाच्या आत पाईपचं तोंड बंद करा. त्यासाठी अर्ज, मोर्चे, पुन्हा अर्ज असं करत शेवटी सुनावणी लागली. गावाच्या बाजूनं आमच्या विभागाचा अहवाल जाणार होता.

नमुना आणायचं काम माझ्याकडे होतं. पाणी ओहोटीलाच घ्यायचं, नाहीतर खाडीचं खारं पाणी नाल्यात वर चढतं. मॅडम भरती-ओहोटी तिथीवरून काढायच्या. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. त्यात सहा मिळवा, ओहोटी. तो दिवस चतुर्थीचा होता. चारची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. इतकं सोपं. मी उत्तर बरोबर काढलं आणि वाटेत वडापाव खाल्ल्यावर त्यातलं 'तीन' तेवढं लक्षात राहिलं. दुपारी तीन वाजता नाला तुडुंब भरलेला बघून मला आनंदच झाला, वाकावंही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे मणी साबुदाणा. मी जवळजवळ पेढे वाटायच्या बेतात होतो.

मॅडमनी बाटलीतलं पाणी बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. रसायनांच्या नाल्याचं पाणी, आणि या बाईनं जिभेला लावलं.

"अभयराव," त्या म्हणाल्या. एरवी मी अभय. राव लागला की समजायचं. "तुम्ही अरबी समुद्र तपासून आणलात."

पुन्हा नमुना. या वेळी तिथी नव्यानं मोजून, ओहोटीला. तो व्यवस्थित आणला आणि त्या आनंदात दुसरी चूक केली.

अशा कामात घाण पाण्याच्या शेजारी एक डिश स्वच्छ पाण्याची ठेवतात. कंट्रोल. त्यातली पिल्लं धड बाहेर आली तरच बाजूच्या डिशमधल्या वाकड्या पिल्लांना अर्थ. हे स्वच्छ पाणी नळाचंच, पण काचेच्या मोठ्या बरणीत चोवीस तास उघडं ठेवलेलं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. ती बरणी मी फोनवर क्रिकेटचा स्कोअर ऐकत विसळत होतो. फुटली. तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून वनस्पतिशास्त्राच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, त्यांच्याकडे तसंही कुणी बघत नाही. मग दुसऱ्या दिवशीचं पाणी आणायचं कुठून?

आमच्या घरी आईचा तांब्याचा हंडा आहे. रात्री भरायचा, सकाळी सगळ्यांनी अनशापोटी पेलाभर प्यायचं. त्या पाण्यानं काय काय बरं होतं याची आईची यादी मुळव्याधीपासून सुरू होऊन परीक्षेतल्या मार्कांपर्यंत जाते. याहून शुद्ध पाणी अख्ख्या पनवेलात मिळायचं नाही, अशी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करूनही माझी खात्री होती. रात्रभर तांब्यातलं. आणि आईनं आदल्याच दिवशी हंडा चिंचेनं घासून लखलखीत केला होता. मी सकाळी प्लास्टिकच्या कॅनमध्ये ते पाणी कॉलेजात नेलं आणि वहीत लिहिलं, 'काचेची बरणी, चोवीस तास.'

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या डिशमध्ये व्हायचं ते झालं होतं. काही पांढरी, काही वाकडी. पण कंट्रोलमधलं एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं. जिवंत होती. काळीज चालू, शेपट्या हलतायत, नुसती आतल्या आत गरगर फिरतायत. चौथ्या दिवशीही तेच. त्यातली काही मग आतच थांबली.

मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "कवच मऊ करणारा रस यांच्या डोक्याशी सुटतो. तो कुणीतरी बंद पाडलाय. हे तांबं करतं. इथे तांबं आलं कुठून?"

मला आईचा हंडा आठवला. पण मी नळाकडे बघितलं. सुनावणी सोमवारी होती आणि हा शुक्रवार.

मॅडमनी प्लंबर बोलावला. नळाची पितळी चावी काढायला लावली, पाईप खोलले, भिंतीला भगदाड पाडलं. प्लंबर म्हणाला, "मॅडम, सगळं पीव्हीसी आहे." मॅडम म्हणाल्या, "पुढचं खोला." मी बॅटरी धरून उभा होतो. चोर पोलिसांना रस्ता दाखवतो तसा मी त्यांना खालचा पाईप दाखवला, तो वाल्व दाखवला. शेवटी त्यांची नजर साळुंखेमामांकडे वळली. मामा आमचे शिपाई, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. "मामा, तुम्ही कुंड्यांना मोरचूद मारता ना? त्यातही तांबंच असतं. ते हात टाकीत घातले का?" मामांचा चेहरा पडला. मोरचूद त्यांनी मारलं होतं, म्हणून त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली. "घातले असतील बाई, आता आठवत नाही," असं ते म्हणाले तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवेना.

मी सगळं सांगितलं. बरणी, वर्तमानपत्र, वनस्पतिशास्त्राचा डबा, हंडा.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता राव लागणार.

"चिंचेनं घासला होता का?"

"हो. आदल्या दिवशी."

"मग बरोबर आहे. आंबटानं वरचा थर गेला की तांबं पाण्यात जास्त सुटतं," त्या म्हणाल्या, आणि मामांना चहा आणायला पाठवलं. तीन कप. मामांना स्वतःचाही आणायला सांगितला.

माझ्यातला चलाख माणूस लगेच जागा झाला. मी म्हटलं, "मॅडम, नाला घाण आहे हे तर खरंच आहे ना? कंट्रोलची पिल्लं नेहमी येतात तशी बाहेर आली असं लिहून टाकू. म्हणजे खोटं कुणाबद्दलच होत नाही."

"खरं आहे ना? मग ते कुठे पळून चाललंय? पुन्हा करू."

"पण सोमवार..."

"सोमवारी मी जाते."

नामदेव रविवारी प्रयोगशाळेत आला. अर्धी पँट, खांद्यावर टॉवेल. त्यानं डिशमध्ये डोकावून बघितलं. "ताय, खाडी मेली हाय ती आमाला डोल्यानी दिसते. तुज्या या साबुदान्याची वाट किती दिवस बगायची?"

"पंधरा दिवस."

"मृग आला ना डोक्यावर. मासं काय तुज्या वहीची वाट बगत थांबतील?"

"नाही थांबणार," मॅडम म्हणाल्या. "म्हणून पंधराच सांगितले."

त्यावर तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी तरी सांगा ना हिला." मी नाल्याच्या डिशवरचं झाकण नीट केलं. त्याला जर कळलं असतं की त्याची खाडी एका हंड्यापायी अडली आहे आणि हंडेवाला समोर उभा आहे, तर त्यानं मला पँटसकट ओहोटीला सोडलं असतं.

सोमवारच्या सुनावणीला गावातली तीसेक माणसं आली होती, बायका जास्त. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अहवाल मागितला. मॅडम उभ्या राहिल्या.

"अहवाल आणलेला नाही. तुलनेच्या पाण्यातली पिल्लंही बाहेर आली नाहीत. चूक आमच्या प्रयोगशाळेत झाली. मला पुढची तारीख हवी."

पलीकडचे, पाईपवाल्यांचे वकील हसत उठले. "साहेब, मॅडमच्या स्वच्छ पाण्यातसुद्धा मासा जगत नाही. मग आमच्या बिचाऱ्या पाईपला का धरता?" हशा झाला. गावाकडच्या बाकांवर कुणी हसलं नाही. मी खुर्चीच्या पाठीमागचा खिळा शर्टात अडकला आहे की काय ते बघत राहिलो. 'आमच्या' म्हणाल्या होत्या मॅडम. माझं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही, तिथे नाही आणि नंतरही नाही.

जिन्यात नामदेवनं गाठलं. "ताय, तू हायस तरी कुनाच्या बाजूची?"

मॅडमनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. "येत्या चतुर्थीला पाणी दे. सकाळी नऊला. तूच आण, तुला ओहोटी कळते." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, एवढी दया केली. नामदेव खाली उतरून गेला. पण चतुर्थीला साडेनऊ वाजता प्रयोगशाळेच्या दारात बाटली ठेवलेली होती, तिच्यावर वेळ लिहिलेली. माणूस नव्हता. गावजत्रेचं बोलावणं त्या वर्षी मॅडमना आलं नाही, हे मला मामांकडून कळलं.

दुसऱ्या खेपेची तयारी करताना मॅडमनी मला सांगितलं, "हंडा आण."

"कुठला?"

"किती हंडे आहेत तुझ्याकडे? चिंचेनं घासून आण. आदल्या दिवशी. तेव्हा केलंस तसंच."

मला वाटलं, ही शिक्षा आहे. भर दुपारी हंडा घेऊन स्टँडवरून कॉलेजपर्यंत आलो, वाटेत तिघांनी विचारलं, लग्न कुणाचं. आई आधी द्यायलाच तयार नव्हती. "माझ्या हंड्यात ती मासे घालणार?" मी म्हटलं, मासे नाही, फक्त त्यांची अंडी. हे ऐकून ती जास्तच भडकली. शेवटी मॅडमनी स्वतः फोन केला. काय बोलल्या माहीत नाही, पण आईनं फोन ठेवला आणि चिंच भिजत घातली.

या वेळी डिशचे गट तीन झाले. नव्या काचेच्या बरणीतलं पाणी, नाल्याचं पाणी आणि हंड्याचं पाणी. मोजणी डावीकडून आणि उजवीकडून, तिन्ही गटांची, चार दिवस. मी पाठ मोडून घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या डिशमधलं पहिलं पिल्लू कवच फाडून बाहेर आलं आणि सरळ पोहत गेलं, तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो. मॅडम म्हणाल्या, "वेळ लिही."

पुढच्या तारखेला तेच वकील, तेच हसू. अहवाल हातात येताच ते उठले. "साहेब, मागच्या वेळी यांच्या स्वच्छ पाण्यातही पिल्लं बाहेर आली नव्हती, ते यात लपवलंय का?"

"पान चार," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी पान चार उघडलं. तिथे सगळं होतं. बरणी फुटली, सहायकानं तांब्याच्या हंड्यातलं पाणी वापरलं, हंडा आदल्या दिवशी चिंचेनं घासलेला होता, म्हणून तोच प्रकार मुद्दाम पुन्हा करून बघितला आणि पिल्लं पुन्हा तशीच आत अडकली. साहेबांनी 'चिंचेनं' हा शब्द मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, "म्हणजे घरच्या हंड्यातलं तांबंसुद्धा तुमच्या या अंड्यांना कळतं?"

"कळतं. माणसाला त्या पाण्यानं काही होत नाही. अंड्याला होतं. आणि नाल्यात जे होतं ते हंड्यासारखं नाही, वेगळं आहे. पान पाच. कणे वाकडे आहेत. स्वच्छ पाण्यात एकही वाकडा नाही."

वकिलांनी पान पाच वाचलं आणि चार उघडलं आणि पुन्हा पाच वाचलं. विचारायला काही उरलं नव्हतं, कारण त्यांना जे खणून काढायचं होतं ते या बाईनं आधीच छापून आणलं होतं. मागच्या तारखेला मी सुचवलेला आकडा लिहून टाकला असता आणि त्यांनी वही मागितली असती, तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही फार वेळ करत नाही.

पाईपचं तोंड तूर्त बंद करायचा हुकूम झाला. तूर्त म्हणजे सरकारी तूर्त. पण मृगाच्या आधी सिमेंट पडलं.

जुलैत नामदेव आला. त्यानं टेबलावर बादली ठेवली. आत मासे वळवळत होते.

"चढनीचे," तो म्हणाला. "थोडे आले."

"थोडे म्हणजे किती?"

नामदेवनं टॉवेल झटकला. "ही बादली. तू मोज. मी बसतो." आणि बसला. मॅडमनी खरंच मोजले. डावीकडून. मग त्यानं टॉवेलमध्ये तोंड लपवलं, हसत होता की काय कोण जाणे, आणि त्या उजवीकडून मोजायला लागल्या.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्या आल्या आणि भाषणं संपायच्या आत नवी टाकी गळतेय का ते बघायला निघून गेल्या. हंडा दोन वर्षं प्रयोगशाळेतच होता, त्याच्यावर चिठ्ठी, 'तुलना क्र. २. मालक : अभयची आई.' आई दर सणाला त्याची आठवण काढायची आणि माझा उद्धार करायची.

निवृत्तीनंतरच्या रविवारी आमच्या सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर म्हणाला, "साहेब, एक बाई हंडा घेऊन आल्यात." मी गॅलरीत गेलो. खाली मॅडम. पदर खोचलेला, कॅनव्हासचे बूट, आणि कमरेवर आईचा हंडा, खाडीकाठच्या बायका विहिरीवरून घेऊन येतात तसा, एका हातानं गळ्याशी धरलेला. उन्हात तो इतका चमकत होता की त्यांनी तो स्वतः घासून आणला हे सांगायची गरज नव्हती. लिफ्ट बंद होती. चार मजले त्या तशाच वर आल्या.

आईनं त्यांना पाणी दिलं, घरात होता त्या फिल्टरचं. मॅडमनी पेला बाजूला ठेवला. "उद्या हंड्यातलं देते म्हणालात तर उद्या येईन," त्या म्हणाल्या. आई पहिल्यांदा त्यांच्याशी हसली.

मग मॅडमनी पिशवीतून विभागाचं रजिस्टर काढलं, निवृत्त झाल्या तरी ते त्यांच्याचकडे होतं, आणि माझ्यापुढे धरलं. हंडा, नग एक, परत. मी सही केली.

"तारीख," त्या म्हणाल्या. मी तारीख टाकली. "वेळ." मी वेळ टाकली.

त्या गेल्यावर मी पुन्हा गॅलरीत गेलो. मॅडम फाटकातून बाहेर पडल्या, रस्त्याच्या कडेच्या उघड्या गटारापाशी थांबल्या, वाकून बघितलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी पिशवीत हात घातला आणि मुरांब्याची बाटली काढली.